आल्या पावली परत

मराठी माणसाच्या पोटात काही राहत नाही, असं म्हणतात. हे विधान गुपितांबद्दल केलेलं असलं तरी आमच्या घराण्याला ते शब्दशः लागू पडतं. आजोबांना सकाळचं वरण दुपारच्या झोपेत पुन्हा भेटायला यायचं. काकांना एका बशीत दोनदा भजी खाल्ल्याचा आनंद मिळायचा. एकदा खाली जाताना आणि एकदा तासाभरानं वर येताना. (दुसऱ्या खेपेला चटणी जास्त तिखट लागते, असं त्यांचं निरीक्षण होतं.) लग्नाच्या पंगतीत आमच्याकडची माणसं ओळखू यायची ती नाकावरून नव्हे, तर जिलबीच्या आग्रहानंतर तोंडावर रुमाल धरून एकदम गप्प होण्यावरून.

एवढा परंपरागत व्यवहार, पण त्याला मराठीत धड एक नाव नाही. कुणी म्हणतं घशाशी येतं, कुणी म्हणतं आंबट पाणी येतं, कुणाला करपट ढेकर, कुणाचं उमळून येतं. डॉक्टर मंडळी याला ‘रीगर्जिटेशन’ म्हणतात. हा शब्द जेवणानंतर लगेच उच्चारू नये. उच्चारतानाच निम्मं वर येतं.

ओकारी वेगळी. ओकारी वाजतगाजत येते. आधी मळमळ, मग तोंडाला पाणी सुटणं, मग कपाळावर घाम, मग पोटाचे आणि छातीखालच्या पडद्याचे स्नायू जोर लावतात आणि वरात दारात उभी. घरातल्यांना तांब्या-टॉवेल घेऊन धावायला अवधी मिळतो. वर येणं म्हणजे न कळवता आलेला पाहुणा. मळमळ नाही, जोर नाही, पूर्वसूचना नाही. तुम्ही वाकून बुटाची नाडी बांधत असता आणि मघाशी गिळलेली उसळ जिभेच्या मुळाशी हजर. हा फरक मी घोळवून सांगतोय त्याला कारण आहे. डॉक्टरला ‘उलटी होते’ म्हटलं की तो एका दिशेनं विचार करतो, आणि ‘आपोआप वर येतं’ म्हटलं की दुसऱ्या. पेशंटच्या एका क्रियापदावर पुढच्या तपासण्या ठरतात.

आमच्याकडे मात्र कुठल्याही दिशेनं निघालं तरी मुक्काम एकच: पित्त. मराठी घरात पित्त हा रोग नसून ती एक विचारसरणी आहे. डोकं दुखलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. आमच्या एका चुलतबहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मुलाच्या आईला पित्ताचा त्रास असावा, असं रत्नागिरीच्या मावशीनं निदान केलं होतं. मावशीचा उतारा आमसुलाचं पाणी. मामीचा मोरावळा. वहिनीचं धण्याजिऱ्याचं पाणी. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर थंड दुधाचे कट्टर पुरस्कर्ते. या सगळ्यांना एकाच दिवशी मान दिला तर तेवढ्यानंच पोट भरून वर येईल.

याचं खापर जुन्या वैद्यांवर मात्र फोडू नये. माधवनिदानात अम्लपित्ताचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात वरच्या वाटेनं जाणारं ते ऊर्ध्वग, खालच्या वाटेनं जाणारं ते अधोग, असे भेद केलेले आहेत. म्हणजे वाटेची चौकशी करण्याची रीत जुनीच. मावशीला वाटेशी कर्तव्य नसतं. तिची आमसुलं सर्व वाटांवर चालतात.

घराण्यातलं त्यातल्या त्यात सरळ प्रकरण म्हणजे आमचे मेहुणे. बँकेतून निवृत्त. रात्री दहाला जेवायचं, सव्वादहाला कोचावर आडवं व्हायचं, साडेदहाला छातीवर हात चोळत उठायचं, असा नेम. त्यांना आम्ही आमच्या डॉक्टरकडे नेलं. हा डॉक्टर म्हणजे साताऱ्याच्या आत्याचा शाळेतला विद्यार्थी. आत्या चौतीस वर्षं मराठी शिकवत होती आणि याला निबंध लिहायला तिनंच शिकवलेलं असल्यामुळे हा अजूनही उपमा दिल्याशिवाय औषध देत नाही.

“अन्ननलिका म्हणजे समजा पंचवीस सेंटिमीटरचा जिना,” तो म्हणाला. “जिना उतरून गेलं की एक दार, आणि दारावर रखवालदार. घास आला की दार उघडायचं, आत गेला की लावून घ्यायचं, एवढीच त्याची नोकरी. आत पोटात ॲसिड असतं, लिंबाच्या रसाहून जहाल. पोटाला त्यातून वाचायला अस्तर दिलेलं आहे, जिन्याला तसं नाही. तुमचा रखवालदार डुलक्या घेतो.”

रखवालदाराची डुलकी म्हटल्यावर मेहुण्यांना ते तत्काळ पटलं. पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस.

मग पथ्यं निघाली. तडस लागेपर्यंत जेवू नका. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. पोटाचा घेर कमी करा आणि तोवर निदान पायजम्याची नाडी तरी सैल बांधा, कारण वरून आवळलेलं पोट दारावर आतून धक्के देतं. तळण, कॉफी, चॉकलेट, तंबाखू, दारू यांनी रखवालदार आणखी सैलावतो. पेपरमिंटनंही सैलावतो. हे ऐकून मेहुण्यांना घरच्याच माणसानं दगा दिल्यासारखं झालं. जेवणावर पेपरमिंटची गोळी चघळायची त्यांची चाळीस वर्षांची सवय होती, आणि तीही ‘पचनासाठी’.

खरी मौज झाली ती पलंगाची. मेहुणे आधी डोक्याखाली तीन उश्या घेऊन झोपायला लागले. त्यानं माणूस कमरेत दुमडतो, पोट दाबलं जातं आणि जे वर यायचं ते अधिकच उत्साहानं येतं. डॉक्टर म्हणाला, उश्या नकोत, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचांचे ठोकळे ठेवा. मेहुण्यांनी सुताराचा खर्च वाचवायला दिवाळी अंकांचे गठ्ठे ठेवले. त्यातला एक गठ्ठा दुसऱ्यापेक्षा जाड निघाल्यामुळे पलंगाला दोन दिशांनी उतार आला आणि ताई पहाटे तीन वाजता कोपऱ्यातून जमिनीवर पोचली. मग लाकडी ठोकळे आले. उतार सरळ झाला, पण पहाटेपर्यंत दोघंही पायथ्याशी गोळा व्हायची. “लग्नात सात पावलं बरोबर चालले,” ताई म्हणाली, “आता रोज रात्री बरोबर घसरते.” अखेर पाठीखाली घ्यायची उतरती गादी मिळाली आणि ताईला तिचा सपाट अर्धा पलंग परत मिळाला.

एका बाबतीत मात्र पूर्वजांना दाद दिली पाहिजे. डाव्या कुशीवर झोपलं की पोट खाली राहतं, दार वर राहतं आणि ॲसिडला चढ पडतो. उजव्या कुशीवर नेमकं उलट. रात्रभर तपासणीच्या नळ्या लावून डॉक्टरांनी हे मोजून पाहिलेलं आहे. आमचे पूर्वज नळ्याबिळ्या न लावता वामकुक्षी म्हणत आले, आणि ‘वाम’ म्हणजे डावा. मात्र जेवल्या जेवल्या आडवं होऊच नये, आणि झालंच तर डावीकडे, असा डॉक्टरचा खुलासा आहे. या खुलाशाचा पहिला भाग पुण्यात कुणी ऐकून घेत नाही.

आणि गोळी? ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोत्रातल्या गोळ्या आता वाणसामानाच्या यादीत जाऊन बसल्या आहेत. लोक त्या जेवण झाल्यावर, जळजळ सुरू झाली की घेतात. त्या घ्यायच्या असतात न्याहारीच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी. शिवाय त्या ॲसिड कमी करतात, दार लावत नाहीत. गोळी पाहुण्याचा स्वभाव सौम्य करते, त्याचं येणं थांबवत नाही. मेहुण्यांची जळजळ गोळीनं आठवड्यात गेली. वर यायचं थांबलं ते रात्रीचं जेवण साडेसातला आल्यावर.

दोन किरकोळ प्रकरणं सांगतो आणि मग आत्याकडे येतो.

मावसभावाचा बारा वर्षांचा मुलगा. जेवण झालं की दहा मिनिटांत घास तोंडात परत, आंबट नाही, काही नाही. चिरंजीव शांतपणे तो चावून पुन्हा गिळायचे. गाई-म्हशी करतात ते रवंथ. आईनं मारून पाहिलं, बापानं आमिष दाखवून पाहिलं. पण मुलगा मुद्दाम काही करत नव्हता. नकळत पोटाचे स्नायू आवळले जातात आणि अन्न वर ढकललं जातं. यावर ॲसिडच्या गोळीचा उपयोग शून्य. त्याला जेवताना आणि जेवल्यावर पोटावर हात ठेवून, छाती न हलवता पोट फुगवत सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. त्या श्वासात पोट आवळताच येत नाही, आणि तीन महिन्यांत रवंथ थांबलं. लाज वाटण्यासारखं यात काही नाही. एकोणिसाव्या शतकातला ब्राउन-सेकार हा मोठा शरीरशास्त्रज्ञ पोटातला रस मिळवण्यासाठी दोऱ्याला बांधलेले स्पंज गिळून परत ओढायचा, आणि त्यातूनच त्याला रवंथाची खोड जडली असं सांगतात.

दुसरं प्रकरण भाचीच्या बाळाचं. बाळ दूध टाकतं म्हणून भाची रडकुंडीला आली होती. तीन-चार महिन्यांची निम्म्याहून अधिक बाळं रोज दूध टाकतात. रखवालदार अजून उमेदवारीवर असतो. बहुतेकांचं वर्षाच्या आसपास थांबतं. बाळ हसतंय, वजन वाढतंय, तर खर्च फक्त फडक्यांचा. उलटी हिरवी असेल, कारंज्यासारखी लांब उडत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र तातडीनं डॉक्टर. आणि कुशीची गंमत मोठ्यांसाठी. बाळाला झोपवायचं ते उताणंच.

आता आत्या.

आमची आई लवकर गेली. आम्हां भावंडांना आत्यानं वाढवलं. ताठ बाई. उपवासाला ती ‘साबुदाण्याचा सण’ म्हणायची आणि देवाला शुद्धलेखनाच्या चुका चालतात म्हणून त्याच्यावरही नाराज असायची. अशी आत्या सत्तरीत एकाएकी उपवास करायला लागली. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या. उरलेल्या दिवशी ‘आज भूक नाही’. साताऱ्यात तिचा लौकिक वाढला. उतारवयात ओढ लागते माणसाला, असं लोक म्हणू लागले. एका गृहस्थांनी तर तिच्याकडून पोथीचा अर्थ समजून घ्यायचं ठरवलं. जेवायला ती सगळ्यांबरोबर बसेना. मागाहून ताट घ्यायची, दोन घास खाऊन तुळशीला पाणी घालायला मागच्या अंगणात जायची, परत येऊन दोन घास, पुन्हा तुळस. त्या वर्षी तुळस पाण्यानं कुजली.

“पित्त,” मावशी रत्नागिरीहून फोनवर म्हणाली.

२०१६च्या दिवाळीत आत्या आमच्याकडे पुण्याला आली. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. रात्री ती पलंगावर न झोपता आरामखुर्चीत बसून राहायची आणि मध्येच ठसका लागून उठायची. पाणी प्यायची ते उभं राहून, दोन्ही हात वर करून, एखादी कवायत करावी तसं. आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून उशीचा अभ्रा धुवायची. तिसऱ्या दिवशी हिनं तो अभ्रा धुण्याआधी पाहिला. ही काही बोलली नाही. आत्याच्या हातातून अभ्रा घेतला, मोरीत टाकला आणि मला म्हणाली, “डॉक्टरची वेळ घ्या.”

“बाई, किती दिवस होतंय हे?” डॉक्टरनं विचारलं.

“दोन वर्षं.”

“वर आलेलं आंबट लागतं? कडू?”

“नाही रे. जसं खाल्लं तसंच. सकाळचा भात रात्रीही भातच असतो. शितं मोजून घे.”

डॉक्टरनं लिहायचं थांबवलं. “आणि पाणी?”

“पाणीही अडतं. पहिल्यापासून.”

“बाई, भात पोटात पोचला असता तर आंबला असता. तो पोटात गेलेलाच नाही. जिन्यावरच उभा आहे. तुमचं दार उघडंच राहत नाहीये असं नाही, ते उघडतच नाहीये.”

“वाक्य फार गुंतागुंतीचं झालं,” आत्या म्हणाली. पण तिचा आवाज बारीक होता.

वजन अठ्ठावन्नावरून त्रेचाळीस किलोवर आलेलं. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, की गिळताना अडणं, वजन उतरणं, रात्री ठसक्यानं जाग येणं, उलटीत रक्त किंवा काळं शौच, यांतलं एक जरी असलं तरी ते पित्ताच्या खात्यावर टाकायचं नाही. दुर्बीण घालून आधी कॅन्सर नाही ना ते पाहायचं. आधी घट्ट अडलं आणि मग पातळ अडायला लागलं तर वाट अरुंद होत चालल्याचा संशय. दोन्ही पहिल्यापासून अडत असेल तर बहुधा दोष वाटेचा नसतो, रखवालदाराचा असतो. (छातीत दुखणं चालताना, जिना चढताना येत असेल तर आधी हृदय तपासायचं, हे त्यानं मलाही बजावलं. माझ्या पोटाकडे पाहत.)

दुर्बिणीत कॅन्सर निघाला नाही. त्या दिवशी मी दवाखान्याच्या आवारातला चहा सलग तीन वेळा प्यायलो. मग बेरियमची तपासणी झाली. पांढरं, खडूच्या पुडीसारखं पातळ पाजून क्ष-किरणाखाली पाहतात. “चौतीस वर्षं खडूच खाल्लाय,” म्हणत आत्यानं पेला संपवला. चित्रात फुगलेली अन्ननलिका खाली टोकाशी एकदम निमुळती झालेली, पक्ष्याच्या चोचीसारखी. मग नाकातून बारीक नळी घालून दाब मोजला. नाव निघालं ॲकालेशिया. अन्ननलिकेच्या तळाच्या मज्जातंतू झिजून जातात, म्हणून दार सैल पडत नाही आणि जिनाही घास खाली ढकलत नाही. का झिजतात याचं पक्कं उत्तर नाही. लाखात वर्षाला एखाद्याला होतो. “मला पहिल्यापासून नंबरात यायची सवय आहे,” आत्या म्हणाली.

डॉक्टरनं तिला थॉमस विलिसची गोष्ट सांगितली. या इंग्रज डॉक्टरनं १६७४ साली असाच एक पेशंट नोंदवला आहे. विलिसनं त्याला देवमाशाच्या हाडाची लवचीक काठी करून दिली, टोकाला स्पंज. तो माणूस जेवायचा, अन्न घशापर्यंत साचलं की काठीनं खाली लोटायचा आणि पुढचं जेवायचा. असं पंधरा वर्षं.

“पंधरा वर्षं!” आत्या म्हणाली. “आणि मी तुळशीआड लपत होते.”

एवढंच बोलली. चारचौघांत तोंडातला घास बाहेर येणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून तिनं देवांना पुढे केलं होतं. ज्यांच्याशी फारसं सख्य नव्हतं अशा देवांना.

उपाय तीन होते. फुग्यानं दार ताणायचं, पोटावरून शस्त्रक्रिया करून दाराचा स्नायू कापायचा, किंवा तोंडातून दुर्बीण घालून आतूनच तो कापायचा. हा तिसरा प्रकार जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली माणसावर पहिल्यांदा केला आणि त्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून त्याला ‘पोएम’ म्हणतात.

“बाईंची पोएम करू या,” डॉक्टर म्हणाला.

“या वयात कविता?” आत्या म्हणाली. “मुक्तछंद नको हं.”

२०१७च्या जानेवारीत कविता झाली. आधी दोन दिवस नुसतं पातळ, कारण जिन्यावर काही उभं राहता कामा नये. नंतर एक दिवस काहीच नाही, मग पाणी, मग पेज. घरी आल्यावर हिनं गुरगुट्या भात आणि वरण कालवून दिलं. आत्या टेबलाशी बसली, आम्हा सगळ्यांच्या मध्ये. एक घास घेतला, गिळला आणि चमचा खाली ठेवून थांबली. आम्हीही थांबलो. धाकटा काहीतरी बोलणार होता, त्याला हिनं डोळ्यांनी दाबलं. आत्या कान देऊन ऐकत असावी तशी बसली होती. मग तिनं दुसरा घास घेतला. मग मीठ मागितलं.

होळीपर्यंत सगळे वार एकेक करून सुटले. पुरणपोळी तिनं कटाच्या आमटीसकट खाल्ली आणि पोथीवाल्या गृहस्थांना निरोप धाडला की आता वेळ होणार नाही.

मे महिन्यात मात्र तिचा फोन आला. छातीत जळजळतं आणि रात्री वर येतं. मी घाबरून विचारलं, भात? “नाही, आंबट पाणी. चांगलं आंबट.” डॉक्टर म्हणाला, हे होऊ शकतं, दार कापून उघडलंय, ते आता पूर्ण लागत नाही. सकाळी अनशापोटी गोळी, रात्री लवकर जेवण, पलंगाखाली ठोकळे. मेहुण्यांचे ठोकळे माळ्यावर पडलेलेच होते, ते साताऱ्याला रवाना झाले.

आत्यानं त्याच संध्याकाळी रत्नागिरीला फोन लावला. “अगं, ऐक,” ती मावशीला म्हणाली, “मला खरंच पित्त झालंय.” दोन दिवसांनी एसटीच्या पार्सलानं तीन किलो आमसुलं आली.